दिसला नाही म्हणजे नाहीच का? रात्रीच्या जंगलातलं 'शून्य' आणि आपला डेटा



मागच्या लेखात सिनॉप्सिस कसा लिहायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, फील्डवर्कमध्ये काहीच मिळालं नाही तर डेटा वाया गेला का?" या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात नाही, एका रोड ट्रिपमध्ये मिळालं. म्हणून आज आधी थोडी भटकंती आणि मग थोडं गणित. गणिताला घाबरू नका, बारावीच्या पुढचं काही नाही.

मी सध्या ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये पीएचडी करते. माझा विषय कॅमेरा-ट्रॅपच्या फोटोंवरून छोट्या सस्तन प्राण्यांची वस्ती कुठे आहे ते ठरवणं. पहिल्या वर्षी मी जो रिपोर्ट दिला, त्यात ज्या जागी प्राण्याचा एकही फोटो मिळाला नाही तिथे सरळ 'अनुपस्थित' असं लिहिलं होतं. गाईडनी समासात एवढंच लिहिलं: "तुला हे कसं कळलं?" मला राग आला. कसं कळलं म्हणजे? फोटो नाही, म्हणून कळलं!

त्याच महिन्यात आम्ही तिघं लॅबमेट गाडी घेऊन अ‍ॅथर्टन टेबललँडला निघालो. कामासाठी नाही, निव्वळ प्राणी बघायला.

जंगलात कोण कोण असतं?

केर्न्सहून गिलीज हायवेने वर चढायचं. हा घाट वळणांसाठी प्रसिद्ध आहे, जवळजवळ 19 किलोमीटरमध्ये 263 वळणं! आपल्या आंबेनळी घाटाची सवय असली तरी पोट ढवळतंच. वर पोचलं की हवा एकदम थंड होते, आणि मळे आणि कुरणांच्या मधे-मधे पावसाळी जंगलाचे तुकडे दिसायला लागतात. या तुकड्यांमध्ये असे काही शिशुधान प्राणी राहतात, जे जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. शिशुधान म्हणजे ज्यांची पिल्लं अगदी अपुऱ्या वाढीची जन्मतात आणि मग बहुतेक जातींमध्ये आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात.

आमच्या यादीत चार नावं होती. लुमहोल्ट्झचा ट्री-कांगारू, म्हणजे झाडावर राहणारा कांगारू. लेम्युरॉइड रिंगटेल पॉसम. हर्बर्ट रिव्हर रिंगटेल पॉसम. आणि हिरवा रिंगटेल पॉसम. बोनस म्हणून बँडिकूट. गंमत म्हणजे 'बँडिकूट' हा शब्द मूळचा तेलुगू, 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर. आपल्याकडे ते नाव घुशीला लागलं. पुढे इंग्रजांनी तेच ऑस्ट्रेलियातल्या एका पिशवीवाल्या प्राण्याला चिकटवलं, पण त्याचं घुशीशी काहीही नातं नाही.

ट्री-कांगारू आम्हाला दिवसाच दिसला, मलांडाजवळच्या चहाच्या मळ्याला लागून असलेल्या झाडांत. फांदीवर पाय सोडून बसलेला, लांब शेपटी खाली लोंबणारी. बाकीचे सगळे निशाचर, त्यामुळे खरं काम रात्री सुरू होणार होतं.

स्पॉटलायटिंग म्हणजे नेमकं काय?

रात्री टॉर्च घेऊन ठरलेल्या वाटेने हळूहळू चालायचं आणि झाडांत चमकणारे डोळे शोधायचे, याला स्पॉटलायटिंग म्हणतात. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत रेटिनाच्या मागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा चकचकीत थर असतो. रेटिनातून निसटलेला प्रकाश या थरावर आपटून पुन्हा रेटिनातून जातो, म्हणून प्राण्याला अंधारात जास्त दिसतं. यातला काही प्रकाश आल्या वाटेने परत येतो, आणि आपल्याला डोळे चमकताना दिसतात.

'आल्या वाटेने' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रकाश टॉर्चच्याच दिशेने परतणार, म्हणून टॉर्च कमरेशी धरून उपयोग नाही, तो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, गालाला लावूनच धरायचा. मी पहिला अर्धा तास चुकीचा धरला होता. त्या अर्ध्या तासात किती प्राणी माझ्यासमोरून निसटले, देव जाणे.

दुसरी गोष्ट. प्राणी सापडला की प्रखर झोत त्याच्या डोळ्यांवर रोखून ठेवायचा नाही. लाल फिल्टर लावायचा किंवा झोत बाजूला घ्यायचा. आणि हेच काम संशोधन म्हणून करायचं असेल, तर आधी अ‍ॅनिमल एथिक्सची मंजुरी आणि जंगलाचा परवाना, दोन्ही लागतात.

एकच वाट, तीन रात्री

आम्ही माउंट हिपिपामी इथला एक छोटा ट्रेल निवडला. इथे ज्वालामुखीच्या स्फोटातून झालेलं एक खोल, उभ्या भिंतींचं विवर आहे, आणि भोवती दाट जंगल. पॉसम बघायला ही जागा नावाजलेली.

पहिल्या रात्री वारा होता. पानं इतकी हलत होती की प्रत्येक ठिपका डोळा वाटायचा. तरी लेम्युरॉइड दिसले. त्यांचे डोळे फार तेजस्वी चमकतात, शिवाय ते जोडीने किंवा कुटुंबाने फिरतात आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर धाडकन उड्या मारतात. टॉर्च नसला तरी कळेल! हिरवा पॉसम मात्र शून्य.

दुसऱ्या रात्री धुकं. टॉर्चचा झोत समोर पांढऱ्या पडद्यासारखा थांबायचा. हिरवा पॉसम पुन्हा शून्य. माझा नागपूरचा लॅबमेट म्हणाला, "इथे नाहीच आहे तो. लिही शून्य अन् चल, झोपू."

तिसऱ्या रात्री वारा नाही, धुकं नाही. पार्किंगपासून पन्नास पावलांवर, वाटेच्या अगदी वर, फांदीवर एक गोळा. आमच्याकडे पाठ करून बसलेला. हिरवा रिंगटेल पॉसम! त्याच्या केसांवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे असतात आणि त्यातून ती शेवाळी छटा दिसते. हा गडी एकटा राहतो, फार आवाज करत नाही. ढोलीतही जात नाही, दिवसा फांदीवरच अंगाचा गोळा करून झोपतो. त्या रात्री त्याने मान वळवली म्हणून डोळा चमकला, नाहीतर आम्ही तिसरं शून्य लिहून परत आलो असतो.

तो आधीच्या दोन रात्री तिथे होता का? माहीत नाही. पण 'नव्हता' असं म्हणायचा मला काय अधिकार होता? गाईडचा प्रश्न मला तिथे, त्या झाडाखाली कळला.

आता थोडं गणित

डेटा शीटवरच्या शून्याचे दोन अर्थ असतात. एक, प्राणी तिथे नाही. दोन, प्राणी आहे पण आपल्याला आढळला नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

समजा, एखाद्या जागी प्राणी नक्की आहे आणि एका रात्रीत तो आढळण्याची शक्यता 0.3 आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. मग एका रात्रीत तो निसटण्याची शक्यता 0.7. तीन रात्री सलग निसटण्याची शक्यता 0.7 × 0.7 × 0.7, म्हणजे साधारण 0.34. म्हणजेच तीन रात्री राबूनसुद्धा, प्राणी असलेल्या दर तीन जागांपैकी एका जागी आपण 'नाही' लिहून येणार! ही चूक 5 टक्क्यांच्या खाली आणायची तर 9 रात्री लागतील. करून बघा.

आता खरी गडबड बघा. समजा तुम्ही 40 जागा तपासल्या, प्रत्येकी तीन रात्री, आणि 12 जागी प्राणी आढळला. प्राणी असलेल्या जागेवर तीन रात्रींत तो एकदा तरी आढळण्याची शक्यता 0.66 आहे, म्हणून खऱ्या जागा साधारण 18 असतील. पुढच्या वर्षी हवा खराब होती, किंवा टॉर्च कमी ताकदीचा होता, आणि रात्रीची शक्यता 0.3 वरून 0.15 वर आली. जंगलात काहीही बदललं नाही, तरी तुम्हाला फक्त 7 जागी प्राणी आढळेल. 12 वरून 7! तुम्ही पेपर लिहिणार, 'वस्तीत 40 टक्क्यांहून जास्त घट'. घट झाली तुमच्या टॉर्चमध्ये, आणि दोष गेला जंगलावर.

यावर उपाय म्हणजे ऑक्युपन्सी मॉडेल. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांचा 2002 चा पेपर यासाठी वाचाच. मूळ कल्पना साधी आहे: एकाच जागी पुन्हा पुन्हा जा. ज्या जागी प्राणी एकदा तरी आढळला, तिथल्या 'आढळला-नाही-आढळला' या क्रमावरून, उदाहरणार्थ 0-0-1 किंवा 1-0-1, आढळण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधता येतो. मग तीच शक्यता वापरून 0-0-0 वाल्या जागांपैकी किती खरंच रिकाम्या असतील, ते काढता येतं. आमची हिपिपामीची वाट म्हणजे 0-0-1.

मॉडेल जादू करत नाही हेही लक्षात ठेवा. या भेटींच्या काळात जागेची स्थिती बदलत नाही, असं ते धरून चालतं. आणि चुकीची ओळख होत नाही, असंही. हे दुसरं वाटतं तितकं सोपं नाही. टॉर्चच्या उजेडात कोळ्यांचे डोळेसुद्धा चमकतात. पहिल्या रात्री मी ज्याला 'पॉसमचं पिल्लू' म्हणाले, तो कोळी निघाला.

हे फक्त आकड्यांचं भांडण आहे का?

नाही. याच भागात उत्तरेला माउंट लुइसच्या परिसरात लेम्युरॉइड पॉसमचा पांढरा प्रकार आढळतो. 2005 च्या कडक उन्हाळ्यानंतर तो काही वर्षं सर्वेक्षणात दिसलाच नाही. 2008 च्या शेवटी तो कायमचा गेला असावा अशा बातम्या आल्या. 2009 मध्ये त्यातले मोजके प्राणी पुन्हा दिसले. म्हणून काळजी खोटी होती का? मुळीच नाही. हे प्राणी थंड डोंगरमाथ्यावरचे. 30 अंशांच्या आसपासची उष्णता पुण्यात कोणी मोजत नाही, पण यांना तीही जड जाते. आणि डोंगराच्या आणखी वर जायला जागाच नाही.

लेडबीटर्स पॉसमचंही तसंच. 1909 नंतर तो कोणाला मिळाला नव्हता, नामशेष झाला असं धरलं गेलं होतं. 1961 साली मेलबर्नच्या ईशान्येला मॅरिसव्हिलजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला. आपल्याकडे रान पिंगळा 1884 नंतर थेट 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला, ते तुम्ही वाचलं असेलच.

दोन्ही बाजूंच्या चुका महाग पडतात. असलेल्या प्राण्याला 'नाही' म्हटलं, तर त्याच्या जंगलाचं संरक्षण करायचं कारणच संपतं. तिथे उद्या झाडं तोडली तरी कागदोपत्री कोणाचं नुकसान होत नाही. आणि खरंच संपत चाललेल्या प्राण्याला 'असेल कुठेतरी' म्हणत राहिलो, तर मदत उशिरा पोचते.

तुमच्या प्रपोजलसाठी

1. प्रत्येक जागी किती वेळा जाणार ते जंगलात जायच्या आधी ठरवा. नंतर ते मॉडेलमध्ये घुसवता येत नाही.
2. शून्यसुद्धा पूर्ण लिहा: तारीख, वेळ, वारा, धुकं, चंद्र, टॉर्च कुठला, पाहणारं कोण. नुसतं शून्य मुकं असतं.
3. वेळ कमी असेल तर जागा कमी करा, फेऱ्या नको. प्राणी सहजी न दिसणारा असेल तर हे विशेषच लागू.
4. 'अनुपस्थित' हा शब्द जपून वापरा. 'इतक्या फेऱ्यांत आढळला नाही' हे खरं आणि पुरेसं वाक्य आहे.
5. इंटरव्ह्यूमध्ये "काहीच मिळालं नाही तर काय कराल?" असं विचारलं, तर हेच सांगा.

परत आल्यावर मी सगळा डेटा पुन्हा उघडला. सुदैवाने कॅमेरे रोज रात्री चालू होते, त्यामुळे प्रत्येक रात्र एक फेरी धरता आली. तरी मॉडेल पुन्हा बसवायला जवळजवळ पाच महिने गेले. 'अनुपस्थित' लिहिलेल्या बऱ्याच जागांवर आता लिहिलं आहे: 'आढळला नाही, असू शकतो'. यावेळी गाईडनी समासात काही लिहिलं नाही, नुसती टिक केली.

तर डेटा वाया गेला का? किती शोधलं ते नीट लिहून ठेवलं असेल, तर नाही. तुमच्या विषयात असं 'शून्य' कुठे लपलं आहे, ते कमेंटमध्ये सांगा. पुढच्या लेखात कॅमेरा-ट्रॅप किती आणि कुठे लावायचे, ते पाहू.