हौदाच्या मापाची जहाजे

१९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या पास्कागूला इथल्या गोदीतून एक विचित्र जहाज निघाले. त्याला पुढची नाळ होती, मागचे टोक होते, इंजिन होते. पण माल भरायचा मधला भागच नव्हता. खलाशी त्याला 'स्टबी' म्हणत. हे आखूड जहाज समुद्रमार्गे, मग सेंट लॉरेन्स नदी चढून ईरी सरोवरावर आले. तिथे ते कापले गेले आणि काठावर वेगळा बांधलेला ८१६ फुटी मधला भाग दोन्ही तुकड्यांच्या मध्ये जोडण्यात आला. १९७२ मध्ये कामाला लागलेले हे 'स्टुअर्ट जे. कॉर्ट' म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांवरचे पहिले हजार फुटी जहाज.

ते अखंड का आणले नाही? नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यातून ७४० फुटांहून लांब जहाज जातच नाही. म्हणून अशी जहाजे सरोवरांतच पुरी होतात आणि जन्मभर तिथेच राहतात.

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारियो या पाच सरोवरांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चार पंचमांश भरते. इथे मैलोन् मैल किनारा दिसत नाही. १६७९ मध्ये फ्रेंच शोधक ला साल याचे 'ग्रिफाँ' हे शिडाचे जहाज ग्रीन बे इथून कातड्यांचा माल घेऊन निघाले, ते पुन्हा कुणाला दिसले नाही.

खरी अडचण सरोवरांमधल्या पायऱ्यांची होती. सुपीरियरचे पाणी सेंट मेरीज नदीतून ह्युरॉनकडे जाताना सू सेंट मरी गावाजवळ खडकांवरून सुमारे २१ फूट खाली उतरते. १८४५ मध्ये 'इंडिपेंडन्स' ही आगबोट सुपीरियरवर नेण्यासाठी चक्क जमिनीवरून ओढत न्यावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी सुपीरियरकाठी, आजच्या मार्केट या गावाजवळ लोहखनिज सापडले होते. उतारापाशी प्रत्येक टन उतरवून, गाडीवरून नेऊन पुन्हा जहाजात भरायचे, तर त्या खनिजाला भाव काय राहणार?

वाट काढली ती चार्ल्स हार्वी या वजनकाटे विकणाऱ्या तरुणाने. विषमज्वरातून बरा होण्यासाठी तो त्या गावी थांबला होता. कालव्याचे मोल त्याने ओळखले, मालकांना पटवले आणि कामाची धुरा स्वतः उचलली. १८५५ मध्ये कालवा खुला झाला. त्यात ३५० फूट लांबीचे दोन लॉक होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला प्रचंड हौद. जहाज आत घ्यायचे, दरवाजे मिटायचे, पाण्याची पातळी वर-खाली करायची. पंपाची गरज नाही, पाणी आपल्या वजनानेच वाहते. त्या ऑगस्टमध्ये 'कोलंबिया' १३२ टन खनिज घेऊन खाली आले. आजच्या हजार फुटी जहाजात एका खेपेला ६०,००० टनांहून अधिक माल मावतो.

पुढची सव्वाशे वर्षे लॉक मोठे झाले की जहाजे मोठी झाली. त्यांची ठेवणही निराळीच. १८६९ मध्ये क्लीव्हलंडला बांधलेल्या 'आर. जे. हॅकेट'मध्ये सुकाणूची खोली अगदी नाळेवर गेली, इंजिन मागच्या टोकाला गेले आणि मधे सलग मोकळी जागा उरली. वरची झाकणेही खनिजाच्या धक्क्यावरच्या घसरणींच्या अंतराशी जुळवलेली होती. खनिज वरून सोडले की थेट पोटात.

माल भरणे असे सोपे झाले, उपसणे मात्र जिवावरचे काम होते. माणसे फावड्यांनी दिवसचे दिवस खनिज ओढत. १८९९ मध्ये जॉर्ज ह्युलेटचे यंत्र ओहायोतल्या कॉनिऑट बंदरात उभे राहिले. पुढे त्याची बादली एका घासात १७ टन उचलू लागली, आणि चालवणारा बादलीच्या अगदी वर, यंत्राच्या पायातच बसून तिच्यासोबत जहाजाच्या पोटात उतरे. नंतरच्या जहाजांनी स्वतःच्याच पट्ट्यांवरून माल काठावर टाकायला सुरुवात केली, तशी ती यंत्रे मोडीत निघाली. जहाजे मात्र टिकत, कारण गोडे पाणी लोखंडाला समुद्राच्या पाण्याइतके खात नाही. १९०६ मध्ये पाण्यात उतरलेले एक जहाज, अखेरच्या काळात 'सेंट मेरीज चॅलेंजर', २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर माल वाहत होते.

नोव्हेंबर मात्र क्रूर. सरोवराचे पाणी अजून उबदार असते आणि उत्तरेकडून थंड वारे येतात. इथल्या लाटा समुद्रापेक्षा आखूड, उभ्या आणि लागोपाठ असतात. लांब, अरुंद सांगाड्याला त्या सोसणे कठीण. १९१३ च्या वादळात १२ जहाजे बुडाली, अडीचशेहून अधिक माणसे गेली. १० नोव्हेंबर १९७५ ला ७२९ फुटी 'एडमंड फिट्झजेराल्ड' सुमारे २६,००० टन लोहखनिजाच्या गोळ्यांसह सुपीरियरमध्ये बुडाले. व्हाइटफिश उपसागराचा आडोसा फक्त १७ मैलांवर होता. २९ जणांपैकी कुणीही वाचले नाही. तटरक्षक दलाने झाकणांतून शिरलेल्या पाण्याकडे बोट दाखवले. जहाजमालकांच्या संघटनेने उथळ भागात तळ घासल्याचे म्हटले. कारण कोणतेही असो, त्या २९ माणसांनंतरच थंड पाण्यात जीव धरून ठेवणारे पोशाख आणि संकटाची खबर आपोआप देणारी यंत्रे जहाजांवर सक्तीची झाली. त्यानंतर या सरोवरांवर मोठे मालवाहू जहाज बुडालेले नाही.

आज सू सेंट मरी इथे हजार फुटी जहाजांसाठी एकच लॉक आहे, १९६९ चा 'पो'. १०५ फूट रुंद जहाज ११० फुटी हौदात शिरते, दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच-अडीच फूट उरतात. तो बंद पडला तर पोलाद कारखान्यांची चूल विझायला वेळ लागणार नाही. म्हणून शेजारी त्याच मापाच्या दुसऱ्या लॉकचे काम २०२० मध्ये सुरू झाले असून ते २०३० पर्यंत पुरे करायचे ठरले आहे.