ज्वारीच्या मुळांचा स्राव आणि टारफुला

ज्वारीचे पीक गुडघ्याएवढे होते, जमिनीत ओलही असते. तरी पाने कोमेजतात व ताटे खुरटी राहतात, असा अनुभव काही शेतांत येतो. पावसाने ओढ दिली असावी किंवा कीड पडली असावी, असे शेतकऱ्यास वाटते. पुढे काही दिवसांनी ताटांच्या बुडाशी पांढऱ्या फुलांची लहान लहान झाडे दिसू लागतात. हाच टारफुला होय. हे तण इतर तणांप्रमाणे पिकाच्या शेजारी नुसते वाढत नाही, तर आपली मुळे ज्वारीच्या मुळांत घुसवून पाणी व अन्न शोषून घेते. ते वर दिसू लागण्यापूर्वीच बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून त्याचा बंदोबस्त करावयाचा, तर जमिनीखाली काय घडते ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

बी जागे कसे होते?

टारफुल्याचे बी धुळीच्या कणासारखे बारीक असते. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात व त्या जमिनीत दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. एवढ्याशा बियांत अन्नाचा साठा अगदी थोडा असल्यामुळे, उगवल्यावर जवळच यजमान पिकाचे मूळ न मिळाल्यास अंकुर काही दिवसांतच मरतो. म्हणून केवळ ओल मिळाली एवढ्याने हे बी उगवत नाही. जवळून जाणाऱ्या मुळाच्या स्रावातील विशिष्ट द्रव्याचा स्पर्श त्यास व्हावा लागतो. १९६६ साली शास्त्रज्ञांनी असे एक द्रव्य वेगळे काढले व त्यास स्ट्रायगॉल हे नाव मिळाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे द्रव्य कापसाच्या मुळांच्या स्रावात सापडले, आणि कापसावर तर टारफुला जगू शकत नाही!

मग पीक आपल्याच शत्रूस हाक का मारते? याचा उलगडा २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी केला. जमिनीत एक उपयुक्त बुरशी असते. ती मुळांशी सहजीवन करून दूरवरचे स्फुरद पिकास आणून देते व मोबदल्यात पिकाकडून साखर घेते. ही द्रव्ये त्या बुरशीस बोलावण्यासाठी असतात. हाक मित्रासाठी असते, पण ती शत्रूलाही ऐकू जाते. जमिनीत अन्नांश कमी पडले, की ज्वारीची मुळे हा स्राव अधिक सोडतात. हलक्या व खत न मिळालेल्या जमिनीत टारफुल्याचा जोर अधिक दिसतो, त्याचे हे एक कारण आहे.

सर्व ज्वारी सारखी नसते. काही वाणांच्या स्रावातील द्रव्याची घडण थोडी निराळी असते व त्यामुळे टारफुल्याचे बी फारसे उगवत नाही. या गुणाशी निगडित असलेला जनुक २०१७ साली ओळखण्यात आला.

शेजारच्या पिकांचे साहाय्य

कापूस, भुईमूग व चवळी यांची मुळे टारफुल्याचे बी उगवण्यास लावतात, परंतु त्यास थारा देत नाहीत. उगवलेला अंकुर उपाशी मरतो. अशा पिकांस सापळा पिके म्हणतात. मात्र मुळांच्या अगदी निकट असलेले बीच उगवत असल्याने एका हंगामात शेत स्वच्छ होत नाही. फेरपालट अनेक वर्षे नेटाने चालू ठेवावी लागते.

ज्वारीत तूर घेण्याची महाराष्ट्रातील जुनी पद्धतही या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. ज्वारीच्या सोबतीने तुरीवरील मर रोग कमी होतो, असे प्रयोगांत आढळून आले आहे. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल स्रवते. तांबड्या जमिनीत लोहाशी जखडलेले स्फुरद ते मोकळे करते, असे हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतील संशोधनातून १९९० साली प्रसिद्ध झाले. एकाच शेतात दोन प्रकारची मुळे असली, म्हणजे दोन प्रकारची द्रव्ये एकमेकांच्या उपयोगी पडू शकतात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. ज्या शेतात टारफुला दिसला, तेथे पुढील हंगामात ज्वारी, बाजरी, मका वा ऊस न घेता सापळा पीक घ्यावे.

२. टारफुल्याची झाडे फुलावर येण्यापूर्वीच उपटावीत. बी धरल्यावर उपटलेली झाडे शेतात किंवा उकिरड्यावर न टाकता जाळावीत.

३. शेणखत व माती परीक्षणानुसार नत्र-स्फुरद द्यावे.

४. ज्वारी दाट पेरून, टारफुला फुलण्यापूर्वीच ती नांगरून गाडण्याचा उपायही करता येतो. परंतु अशी कोवळी ज्वारी जनावरांस चारू नये. तिच्यातील धुरीन या द्रव्यापासून पोटात जहाल विष तयार होते व जनावर थोड्याच वेळात दगावू शकते.

५. बाधित शेतातील बियाणे व माती लागलेली अवजारे दुसऱ्या शेतात नेऊ नयेत.

टारफुला एका शेतकऱ्याच्या बांधावर थांबत नाही. त्याचे बी वारा, पाणी व जनावरे यांबरोबर शेजारच्या रानात जाते. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाधित शेतांची पाहणी करून शिवारातील सर्व शेतकऱ्यांस एकाच वेळी झाडे उपटण्यास प्रवृत्त करावे. एकाने उपटले व दुसऱ्याने बी धरू दिले, तर पहिल्याचे श्रम वाया जातात.