खाऱ्या पाण्यातली सळई

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी आणि जिल्ह्यातून जाणाऱ्या पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्या ओलांडण्यापुरताच येथील माणसाचा पुलाशी संबंध येतो. तरीही समुद्रकाठच्या पुलांचा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही, कारण त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेली वस्तू येथेच घडते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून बिलेट, म्हणजे लोखंडाचे चौरस ठोकळे ओतले जातात, ते रोलिंग मिलमध्ये लाटून त्यांची सळई होते, आणि तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा करून तिचा बाहेरचा थर कठीण व गाभा लवचिक राखला की तिला टीएमटी सळई म्हणतात. शहागडजवळच्या एखाद्या पुलात काँक्रीटच्या पोटात निर्धास्त राहणारी अशी सळई ठाण्याच्या खाडीत किंवा गोव्यातील मांडवी नदीच्या मुखाशी दोन-तीन दशकांत का कुजते, हे समजले की बेटांना जोडणारे पूल पुन्हा पुन्हा का बांधावे लागतात, याचाही उलगडा होतो.

बेटांना जोडणारे आपल्याकडचे जुने मार्ग दगडमातीचे होते. १६३० च्या दशकात पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या कारकिर्दीत पणजी ते रायबंदर असा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांधरस्ता खाजणातून, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतून घातला गेला, आणि त्यावरून आजही वाहने धावतात. मुंबईत शीव आणि कुर्ला यांच्यामधला मार्ग १८०३ च्या सुमारास गव्हर्नर डंकनच्या काळात झाला व त्यावर जकात बसली. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा मार्ग मात्र १८४० च्या दशकात जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दिलेल्या दीड लाखांहून अधिक रुपयांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यावर जकात घ्यायची नाही अशी अट त्यांनी घातली. (आजच्या टोलनाक्यांवर रांगेत उभ्या राहणाऱ्यांनी या अटीची नोंद घ्यायला हरकत नाही.) या जुन्या कामांत गंजण्यासारखे लोखंड जवळजवळ नव्हतेच. दगड भाराखाली दाबला जातो, ताणला जात नाही, आणि दाब सोसण्यासाठी त्याला पोलादाची गरज नसते. अर्थात दगडी पूल अमर असतो असे नव्हे. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह इतर वाहने वाहून गेली. तेथे नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. नदीच्या पुलाला पायाखालची माती वाहून जाण्याची भीती असते आणि ही भीती गोदावरीकाठालाही तितकीच आहे. खाडीच्या पुलाचा खरा घातकी शत्रू मात्र पुरासारखा अवचित येत नाही, तो वर्षानुवर्षे आत झिरपत राहतो.

काँक्रीटमधील सिमेंट स्वभावतः अल्कधर्मी असते. त्याच्या छिद्रांतील पाण्याचा सामू बाराच्या वर असतो आणि त्या वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ, अभेद्य पापुद्रा तयार होऊन ती गंजापासून सुरक्षित राहते. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड, म्हणजे मिठाचा घटक, सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो, सळईपर्यंत पोहोचला की हा पापुद्रा जागोजाग फोडतो, आणि तेथून गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून फाडतो. भेग पडली की पाणी व हवा यांना वाट मिळते आणि गंजाचा वेग वाढतो. सगळ्यात अधिक हानी सतत पाण्याखाली असलेल्या भागाची होत नाही, कारण तेथे प्राणवायू कमी पोहोचतो. भरती-ओहोटीच्या रेषेवर आणि लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात, जेथे खांब रोज भिजतो, वाळतो आणि प्रत्येक वेळी थोडे मीठ मागे ठेवून घेतो, तेथे ती सर्वाधिक होते.

या लढाईत पुलाच्या बाजूने उभे असते ते कव्हर, म्हणजे सळईपासून काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. भारतीय मानक ४५६ प्रमाणे मध्यम वातावरणात हे अंतर किमान ३० मिलिमीटर आणि काँक्रीट एम-२५ दर्जाचे असावे लागते, तर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तेच अंतर ७५ मिलिमीटर आणि काँक्रीट एम-४० दर्जाचे. बांधकामावर हे अंतर राखण्यासाठी सळईखाली सिमेंटचे छोटे कव्हर ब्लॉक बांधतात. काँक्रीट ओतताना ते सरकले, किंवा घाईत कमी पडले, तर सळई साच्याला टेकते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या खांबात कमकुवत जागा कायमची राहून जाते. शंभर वर्षांच्या आयुष्याची हमी कागदावर देता येते, पण त्या हमीचा निकाल ब्लॉक बांधणाऱ्या माणसाच्या हातात असतो.

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये ही बाब अधिक नाजूक होते. या पद्धतीत अत्यंत बळकट पोलादी तारांचे जुडगे नळ्यांतून ओवून, जोराने ताणून बांधतात, म्हणजे काँक्रीट आधीच दाबले जाते व लांब गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, पेलू शकते. तारा नळीत सुरक्षित राहाव्यात म्हणून तिच्यात सिमेंटचे पातळ मिश्रण, ज्याला ग्राउट म्हणतात, भरले जाते. ग्राउट अपुरे भरले तर पोकळी राहते, तेथे ओल व क्षार जमतात, आणि ताणलेली बारीक तार गंजून तुटते तेव्हा बाहेर भेगही दिसेल असे नाही. पणजीजवळ मांडवीवरचा १९७० च्या आसपास झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो तारांच्या गंजामुळे. म्हणजे उद्घाटनानंतर दोन दशकेही न लोटता. मुंबई बेटाला नवी मुंबईशी जोडणाऱ्या ठाणे खाडीवरच्या पहिल्या पुलाची गोष्ट त्याच जातीची आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या पुलाच्या तारांना गंजाने ग्रासले, बाहेरून नव्या तारा ताणून त्याला आधार द्यावा लागला, आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा पूल उभा राहिला. तोही पुरेना म्हणून तिसऱ्या पुलाचे दोन भाग बांधले गेले, त्यांपैकी एक २०२४ मध्ये व दुसरा जून २०२५ मध्ये खुला झाला.

बेटाचा रस्ता बंद करून दुरुस्ती करता येत नाही, कारण वळण घ्यायला दुसरी वाट नसते. म्हणून नवा पूल जुन्याच्या शेजारी बांधायचा आणि मग वाहतूक हलवायची, हीच रीत सगळीकडे दिसते. गोव्यातील जुआरी नदीवर १९८३ च्या पुलावरील जड वाहतूक थांबवावी लागली आणि शेजारच्या नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये, दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. रामेश्वरमला जोडणाऱ्या १९१४ च्या पांबन रेल्वे पुलावरची वाहतूक गंजामुळे डिसेंबर २०२२ मध्ये थांबली, आणि मधला ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जाणारा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. या पद्धतीचा लाभ उघड आहे, पण तिच्यात एक आळसही दडलेला आहे: नवा पूल होणारच आहे म्हटल्यावर जुन्याची देखभाल थांबते, आणि जुन्याचे पुढे काय करायचे हा निर्णय पुढच्या अधिकाऱ्यावर ढकलला जातो. शिवाय प्रत्येक नव्या पुलाबरोबर खाडीत खांबांची आणखी एक रांग उभी राहते. ठाणे खाडीतल्या तिसऱ्या पुलामुळे ज्या मच्छीमारांच्या उपजीविकेवर परिणाम होणार होता, त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये भरपाईचे धोरण आखण्याचा आदेश दिला. पुलाच्या खर्चात खाडीवर जगणाऱ्यांचा वाटाही धरावा लागतो, ही गोष्ट त्यातून अधिकृतपणे मान्य झाली.

पुलाचे वय कागदावरून ओळखता येत नाही, त्याला तपासावे लागते. हातोडीने ठोकून पाहिले की काँक्रीटचा सुटलेला थर भद्द वाजतो. ही सर्वांत स्वस्त चाचणी. दुसरी चाचणी विजेची: तांबे व मोरचूद यांचे इलेक्ट्रोड पृष्ठभागावर टेकवून सळईचे विद्युत-विभव मोजतात, आणि ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक समजतात. मात्र नळीतल्या तारांपर्यंत ही चाचणी पोहोचत नाही. काँक्रीटच्या वेष्टनात दडवलेल्या पोलादाचा धोका इटलीतील जिनोव्हा शहरानेही ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिला. तेथील मोरांदी पूल कोसळून ४३ माणसे दगावली. म्हणून नव्या पुलाच्या आराखड्यात गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या तुळईच्या पोटात माणूस शिरून पाहू शकेल अशी जागा, नळ्यांचे टोक उघडता येतील अशी सोय आणि बेअरिंग, म्हणजे गर्डर व खांब यांच्यामधला आधार, बदलण्यासाठी जॅक बसवायला मोकळा भाग, या गोष्टी शोभेच्या दिव्यांआधी यायला हव्यात.

गंजरोधक उपाय स्वतःच फसू शकतात, याचा बोलका दाखला अमेरिकेतील फ्लोरिडाच्या बेटमालिकेत मिळतो. तेथे १९१२ मध्ये समुद्रातून रेल्वे गेली, १९३५ च्या वादळाने तिचे मोठे नुकसान झाले, १९३८ मध्ये त्याच खांबांवरून मोटाररस्ता काढला, आणि १९७८ ते १९८३ या काळात ३७ जुन्या पुलांच्या जागी नवे पूल बांधले. नव्या पुलांपैकी काहींच्या सळयांवर इपॉक्सी, म्हणजे घट्ट चिकटणाऱ्या रंगासारख्या थराचे आवरण होते. सेव्हन माइल पुलाचा त्यांत समावेश होता. १९८६ मध्ये तपासणी झाली तेव्हा शिंतोड्यांच्या पट्ट्यात तीच सळई गंजू लागल्याचे आढळले, कारण वाकवताना, उचलताना आवरणाला ओरखडे पडले होते आणि थर लोखंडापासून सुटला होता. त्यानंतर तेथील यंत्रणेने आवरणावरचा भरवसा सोडून जाड कव्हर व राख किंवा स्लॅगमिश्रित घट्ट काँक्रीट यांवर भर दिला, आणि काही खांबांभोवती जस्त बसवले, जे लोखंडाऐवजी स्वतः झिजते व ठरावीक वर्षांनी बदलावे लागते. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईच्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे आयुष्य शंभर वर्षे धरले आहे. त्याच्या खांबांचे विद्युत-विभव कोण मोजते, किती वर्षांनी मोजते आणि ते आकडे लोकांसमोर ठेवले जातात का, यावरून हा शंभराचा आकडा तपासता येईल.