सुदर्शन तलावाचा बांध व त्याखालील भूमि

गिरनार येथील रुद्रदामन्‌च्या लेखांत, चंद्रगुप्त मौर्याच्या वेळीं पुष्यगुप्तानें करविलेला सुदर्शन तलाव शके ७२ (इ. स. १५०) मध्यें अतिवृष्टीनें फुटल्याची हकीकत आहे. खिंडार ४२० हात लांब, तितकेंच रुंद व ७५ हात खोल पडलें. सारा दोष पावसाच्या माथीं मारून वाचक पुढें जातो. परंतु मातीच्या बांधाचें आयुष्य खालच्या भूमीवरहि अवलंबून असतें. पात्रांतील वाळू व भेगाळ खडक यांतून पाणी तळाखालून झिरपतें. तलाव तुडुंब भरला कीं त्याचा दाब वाढतो. पाझर निवळ असेल तोंवर भय थोडें. गढूळ झाला कीं आंतील माती वाहूं लागली असें समजावें. म्हणून हल्लींचे स्थापत्यविशारद योग्य खडक लागेपर्यंत चर खणून तो चिकणमातीनें ठासून भरतात.

लेखांतील एका नदीचें नांवच सुवर्णसिकता, म्हणजे सोनेरी वाळूची! एवढ्यावरून निर्णय करणें धार्ष्ट्याचें होईल. तथापि सुविशाखानें बांध तिप्पट बळकट केला असतांहि गुप्त संवत् १३६ (इ. स. ४५५) मध्यें तो पुन्हां फुटला, व चक्रपालितास सांधावा लागला. अवशेष शोधणारांनीं नुसते दगड न पाहतां जुन्या पात्राखालीं चिकणमातीचा चर लागतो कीं काय, हेंहि पाहावें.