मोटारवाहनातील चार्जर

मोटारवाहनातील चार्जर : मोटारवाहनाच्या घटमालेतील (बॅटरीतील) एकदिश विद्युत् दाब कमी अथवा नियमित करून भ्रमणध्वनी, दिशादर्शक, सुवाह्य संगणक इ. उपकरणांना पुरविणारे साधन. ते सामान्यतः सु. २१ मिमी. व्यासाच्या ज्या खाचेत बसवितात, ती मूळची सिगारेट पेटविण्याच्या तापकासाठी योजलेली होती. खाचेच्या तळाचा मध्यबिंदू धन व कडा ऋण असते. खाच विजेच्या जोडणीसाठी घडविलेली नसल्याने खडबडीत रस्त्यावर चार्जर सैल होऊन ठिणग्या पडणे व संपर्कस्थान तापणे हे दोष तिला जन्मतःच चिकटले आहेत.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके या साधनाच्या अभ्यासास सोयीचे आहेत. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत मोटारी व घरगुती विद्युत् उपकरणे तयार होतात. तेथेच सु. २९७ एकरांवरील इलेक्ट्रॉनिकी उत्पादन संकुलास केंद्र शासनाने २०२२ मध्ये मंजुरी दिली. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रसायनांचे कारखाने आहेत. पुणे–अहिल्यानगर व पुणे–सोलापूर या रस्त्यांवर मोटारी, मालमोटारी, टँकर आणि हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर एकत्र धावतात. यांपैकी मोटारी व ट्रॅक्टर यांची विद्युत् योजना बहुधा १२ व्होल्टची, तर जड मालमोटारींची २४ व्होल्टची असते. खाचेचा आकार मात्र पुष्कळदा सारखाच असतो. केवळ १२ व्होल्टसाठी बनविलेला चार्जर मालमोटारीत बसविला जाणे त्यामुळे सहज शक्य होते.

‘१२ व्होल्ट’ हा आकडाही नाममात्रच होय. इंजिन बंद असताना घटमालेचा दाब सु. १२·६ व्होल्ट व इंजिन चालू असताना १३·५ ते १४·५ व्होल्ट असतो. इंजिन सुरू करताना तो क्षणभर ६ ते ८ व्होल्टपर्यंत उतरतो. प्रत्यावर्तित्र (आल्टरनेटर) घटमाला भारित करीत असताना घटमालेची तार निखळली, तर दाब एकाएकी उसळतो. आंतरराष्ट्रीय मानक १६७५०–२ मधील चाचणीत संरक्षण नसलेल्या १२ व्होल्ट योजनेसाठी हा उसळता दाब ७९ ते १०१ व्होल्ट व २४ व्होल्ट योजनेसाठी १५१ ते २०२ व्होल्ट धरला आहे. तो सेकंदाच्या काही शतांशांपासून दशांशांपर्यंत टिकतो. सैल, गंजलेल्या टोकांची घटमाला असलेल्या जुन्या वाहनात अशी घटना मुळीच दुर्मिळ नव्हे.

चार्जरमध्ये ट्रँझिस्टर दर सेकंदास हजारो वेळा उघडझाप करतो आणि वेटोळे व धारित्र यांच्या साहाय्याने सरासरी दाब, उदा., ५ व्होल्ट, मिळतो. दाब-सीमक अर्धसंवाहक व आतील फ्यूज वगळले की साधन स्वस्त होते. पण ट्रँझिस्टर जळून त्याच्या दोन टोकांत सरळ जोड झाल्यास घटमालेचा संपूर्ण दाब उपकरणापर्यंत पोहोचतो. वाहनातील फ्यूज यावर उपाय ठरत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तो सामान्यतः १० ते २० अँपिअरचा असून वाहनाची तार वाचविण्यासाठी असतो. ६५ वॉटचा चार्जर ९० टक्के कार्यक्षमतेने १३·५ व्होल्टवर सु. ५·४ अँपिअरच घेतो. सदोष चार्जर ८ अँपिअर घेऊन वितळू लागला, तरी १५ अँपिअरचा फ्यूज शाबूत राहतो. म्हणून योग्य मूल्याचा फ्यूज चार्जरमध्येच असावा लागतो.

नियमनाच्या दोन शाखा आहेत. इलेक्ट्रॉनिकी वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला. अशा वस्तूंची नोंदणी भारतीय मानक ब्यूरोकडे होते. अडॅप्टरांसाठी वापरलेले आयएस १३२५२ (भाग १) हे मानक विजेचा धक्का, आग व उष्णता यांचा विचार करते. घटमालेच्या उसळत्या दाबाचा नाही. दुसरी शाखा वाहनांची आहे. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे नमुना-वाहनाची तपासणी होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही अशी तपासणी करणारी एक संस्था होय. विद्युत् चुंबकीय व्यत्ययासाठी एआयएस–००४ (भाग ३) हे मानक आहे. कारखान्यातच बसविलेले भारणद्वार वाहनाबरोबर तपासले जाते. नंतर दुकानातून घेतलेला चार्जर या तपासणीबाहेर राहतो. घरच्या भिंतीवरील चार्जरचे नोंदणीचिन्ह पाहून वाहनातील चार्जरबद्दल निश्चिंत होणे त्यामुळे चुकीचे ठरते. अमेरिकेत अशा साधनांसाठी यूएल २०८९ हे स्वतंत्र मानक आहे.

ज्वालाग्राही द्रव वाहणाऱ्या टँकरांत घटमाला तोडणारा स्विच असतो. चार्जरची तार या स्विचच्या अलीकडे, थेट घटमालेस जोडल्यास स्विच बंद करूनही तारेत वीज राहते. द्रव भरताना वा उतरवताना अशी तार घासून उघडी पडली, तर एक ठिणगीही पुरेशी होते. खाजगी मोटारीत उन्हाळ्याचा धोका वेगळा आहे. बंद मोटारीत समोरील काचेलगत तापमान ६०° से. च्या वर जाऊ शकते व तेथे भारित होत असलेल्या लिथियम घटाचे आयुष्य घटते. घट फुगलेला असल्यास पेट घेण्याचा संभव वाढतो. इंजिन बंद केल्यावरही काही वाहनांच्या खाचेत वीज चालू राहत असल्याने चार्जर काढून ठेवणे इष्ट असते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत प्रत्यावर्तित्र नसते. उच्च दाबाच्या घटमालेवरून परिवर्तकाद्वारे १२ व्होल्टची साहाय्यक घटमाला भारित होते. प्रत्यावर्तित्रामुळे उद्‌भवणारी दाबाची उसळी त्यांत नसली, तरी खाच, सैल संपर्क व फ्यूज यांविषयीचे वरील विवेचन त्यांनाही लागू पडते. [⟶ मोटारगाडी, विद्युत् घट].