पोटातले वासरू आपला वाटा कसा घेते?



म्हैस रात्री सुखरूप विते. रेडकू धडपडत उठून आचळाला लागते आणि घरात आनंद होतो. दुसऱ्या दिवशी मात्र म्हैस बसली ती उठतच नाही. मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात, शेण टाकत नाही. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते वार नीट पडली नाही. जैनथ-बेलाकडील गावे असोत की निर्मल-मंचेरियालकडील, हे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. या रोगाला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. उलट अंग थंड पडते. रक्तातील कॅल्शियम, म्हणजे चुना, एकाएकी कमी झाल्याने हे घडते. तो चुना कोठे गेला, हे समजण्यासाठी आधी जनावराच्या पोटात डोकावून पाहू.

गाय सुमारे २८० दिवस, म्हैस सुमारे ३१० दिवस आणि मेंढी किंवा शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते. पोटातील पिलाची बहुतेक वाढ शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात होते. हाडे पक्की होतात तीही याच काळात. मोठ्या जातीच्या गाईचे वासरू शेवटी शेवटी रोज सुमारे १० ग्रॅम कॅल्शियम आईकडून ओढून घेते.

येथे एक नवल आहे. पोटातील वासराच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा अधिक कॅल्शियम असते. पाणी आपोआप उताराकडे वाहते. चढावर न्यायचे तर मोटर लागते. ही मोटर म्हणजे वार. पण तिचे बटण कोण दाबते? आईच्या गळ्यातील लहान ग्रंथी तिच्या रक्तातील कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक तयार करतात. संप्रेरक म्हणजे डॉक्टर ज्याला हार्मोन म्हणतात ते. परंतु आईचे हे संप्रेरक वारेतून पिलाकडे जात नाही. तेव्हा बटण पिलाच्याच हाती असले पाहिजे. १९८८ साली इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मेंढीच्या पोटातील कोकरांवर याचा शोध घेतला. कोकराच्या या ग्रंथी काढल्या की त्याच्या रक्तातील कॅल्शियमची आघाडी नाहीशी होई. आईच्या संप्रेरकाशी नाते सांगणारे एक वेगळे द्रव्य कोकराच्या ग्रंथींत व वारेत सापडले. ते दिले की वारेची मोटर पुन्हा चालू होई. थोडक्यात, पोटातले पिलू आपला वाटा स्वतः उपसून घेते.

मग आईचे काय? वैरणीतून पुरेसे मिळाले नाही तर ती आपल्या हाडांतून काढून देते. हाडे ही तिची पेटी. आपल्याकडे सरकीची ढेप आणि कोंडा घालतात. त्यांत फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम थोडे असते. भाताच्या तणसातील ऑक्झलेट तर असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते.

वितेवेळी खरी ओढाताण होते. १० लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि गाईच्या रक्तरसात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम असते. तरुण जनावराची हाडे लगेच पेटी उघडतात. तिसऱ्या-चौथ्या वितानंतर ती सुस्त होतात. म्हणून पहिलारू सहसा पडत नाही, जुनी दुधाळ म्हैस पडते.

पुष्कळांना वाटते, विण्याआधी कॅल्शियमच्या बाटल्या पाजाव्यात. येथे सावध राहावे. १९५४ साली अमेरिकेत बोडा व कोल या संशोधकांनी दाखवले की विण्यापूर्वी भारी कॅल्शियम दिलेल्या गाईंनाच दुग्धज्वर अधिक होतो. आयते मिळाले की ग्रंथी झोपी जातात आणि गरजेच्या दिवशी जाग्या होत नाहीत.

मेंढीची गोष्ट थोडी निराळी. ती बहुधा विण्याआधीच, शेवटच्या आठवड्यांत पडते. जुळी असली तर विशेष. तेलंगणा सरकारने २०१७ साली मेंढीवाटप सुरू केले तेव्हा एका घरास २० मेंढ्या व १ मेंढा असा हिशेब होता. असा लहान कळप असेल तर एक मेंढी गेली तरी घराला झळ बसते.

आयोडीनचेही असेच ध्यानात ठेवावे. पिलाची गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक स्वतः बनवते, पण आयोडीन आईकडूनच यावे लागते, आणि त्यासाठी आईजवळ हाडांसारखी मोठी पेटी नसते. मग कोकरू गळा सुजलेले, केस विरळ, अशक्त किंवा मेलेलेच जन्मते. कॅल्शियमची उणीव आधी आई सोसते, आयोडीनची उणीव पिलू सोसते.

तेव्हा आम्ही सुचवतो ते असे:

१. विण्याआधी दोन महिने गाय-म्हैस आटवावी.

२. गाभणपणी मोठ्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण व थोडे आयोडीनयुक्त मीठ द्यावे. मेंढीला गाईचे मिश्रण घालू नये. त्यातील तांबे तिला बाधते. तिच्यासाठीचे वेगळे मिश्रण घ्यावे.

३. शेवटच्या तीन आठवड्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅल्शियमची बाटली पाजू नये.

४. वासरू जन्मले की नाळ तुटते आणि वारेची मोटर बंद होते. त्याच्या रक्तातील कॅल्शियम उतरते व त्याच्या ग्रंथींना आता स्वतः काम करावे लागते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा.

५. जनावर पडले तर तोंडाने काही ओतू नये. घसा ढिला पडलेला असतो, औषध फुप्फुसात जाते. गवताच्या पेंढ्यांचा टेकू देऊन छातीवर बसते ठेवावे व पशुवैद्यकास तातडीने बोलवावे. शिरेतून सावकाश दिलेल्या कॅल्शियमने जनावर पुष्कळदा त्याच दिवशी उठते. रात्रभर वाट पाहिली तर हातचे जाते.

म्हैस विल्यावर तिची काळजी आपण सारेच घेतो. ती दोन महिने आधी गव्हाणीपाशी सुरू झाली, तर पडलेले जनावर उठवण्याची वेळ सहसा यायची नाही.