चित्र जागेवर, इमारत फिरती

ब्रिटिश चित्रकार पॅट्रिक ह्यूज यांच्या चित्रात काहीच हलत नाही. हलतो तो बघणारा. असं पहिलं चित्र त्यांनी १९६४ साली केलं. अशा चित्रात सपाट कॅनव्हासऐवजी टोक छाटलेले पिरॅमिड आपल्याकडे तोंड करून बसवलेले असतात. खरी करामत रंगवण्यात! सर्वांत पुढे आलेल्या सपाट टोकावर दूरचं आकाश किंवा बोळाचा शेवट, आणि मागच्या खाचेत जवळच्या भिंतींच्या कडा. आपण उजवीकडे सरकलो की पुढचं टोक डावीकडे सरकतं. पण मेंदूने ते लांबचं मानलेलं असतं. मग हिशेब जुळायचा तर अख्खी इमारतच वळायला हवी, आणि ती वळताना दिसतेही. अगदी जवळून दोन्ही डोळे खरा उठाव ओळखतात, भ्रम मोडतो. थोडं मागे येऊन एक डोळा मिटला, की इमारत पुन्हा फिरू लागते.